नामंजूर बोंबांचा पंचनामा

चव्वेचाळीस सालच्या शिमग्याला दहा दिवस उरले असताना चिंचटेंभ्याच्या पोलीस पाटलाकडे, म्हणजे येसाजीकडे, कचेरीतून एक जाडजूड लखोटा आला. सरकारी लखोटा आला की येसाजीला आनंद व्हायचा. आत काय आहे याच्याशी त्या आनंदाचा संबंध नसे. एकदा गुरांच्या लाळ-खुरकुताचं परिपत्रक आलं होतं, तेही त्यानं आधी कपाळाला लावलं आणि मग फोडलं.

हाही लखोटा त्यानं कपाळाला लावला, फोडला, आतला कागद हात लांब करून धरला, आणखी लांब केला आणि हात संपला तेव्हा मान मागे नेली. त्याचा चष्मा भाताची रास झाली त्या दिवशी सकाळीच बैलाच्या पायाखाली गेला होता. तेव्हापासून, आपल्याला चष्मा लागतच नव्हता, पनवेलच्या डॉक्टराचं मन मोडू नये म्हणून आपण तो घालत होतो, असं तो सगळ्यांना सांगत असे.

हुकूम असा होता. लढाईच्या दिवसांत अफवांना आळा घालणे जरूर असल्यामुळे यंदा शिमग्याच्या बोंबा आगाऊ मंजूर करून घेऊनच माराव्यात. नमुना सोबत जोडला आहे.

नमुना देखणा होता. बोंब मारणाराचे नाव. वय. बोंबेचा मजकूर. बोंब खरी की खोटी. खरी असल्यास पुरावा. खाली बारीक अक्षरात एक ओळ: एका नमुन्यावर एकच बोंब लिहावी व ती इतर कोणास कळू देऊ नये.

"अगं, ऐकलंस का? बोंबेला फारम आलाय!" येसाजी ओटीवरून ओरडला.

"बोंबेला?" अंबाबाई चुलीपुढून म्हणाली. "मग शिंकेला कवा येनार?"

बायकोला सरकारी कामातलं कळत नाही, हे येसाजीचं जुनं मत होतं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी ते तपासून पाहण्याची वेळ त्याच्यावर आली नव्हती.

आता चिंचटेंभ्याची बोंब काय असते ते सांगायला हवं, नाहीतर सरकार एवढं का घाबरलं ते कळायचं नाही. चौक गावाकडून कर्जतच्या बाजूला डोंगराच्या कडेकडेनं आलं की हे गाव लागतं. होळी पेटायची दिवस मावळता मावळता, गावाबाहेरच्या माळावर. वरली आळी एका अंगाला, खालची आळी दुसऱ्या अंगाला, मध्ये जाळ. वर्षभर जे मनात ठेवलं ते उलट्या हातानं तोंडावर मारत जाळावरून पलीकडे फेकायचं. पलीकडून उत्तर यायचं. उत्तराला उत्तर. राग धरायचा नाही. धरलाच तर दुसऱ्या दिवशी धुळवडीच्या राखेत सोडून द्यायचा.

मागे एकदा वरल्या आळीनं बोंब ठोकली होती, "भिवाजीच्या बांधाला पाय फुटले रं! दर साली हात हात आमच्या शेतात येतोय!" भिवाजी हा खालच्या आळीतला मोठा माणूस, आवाजानंही मोठा. त्यानं उलट बोंब दिली, "तुमीच रातचं कुदळ घेऊन जाता रं!" सगळा माळ दोन तास घुमला आणि शेवटी कुणीतरी तिसराच कंटाळून ओरडला, "आरं, खणून बगा की येकदा!" दुसऱ्या दिवशी खणलं. बांध खेकड्यांनी पोखरला होता आणि पावसात हळूहळू सरकत होता. दोन्ही बोंबा खोट्या निघाल्या. बांध मात्र दुरुस्त झाला आणि खेकडे दोन्ही आळ्यांनी मिळून खाल्ले.

म्हणून गावात एक रीतच पडली होती. काही उलगडत नसेल तर "शिमग्यापर्यंत थांब" म्हणायचं. यंदा तसा थांबलेला माणूस एकच होता. नामा गुरव.

नामा हा जाखमातेच्या देवळाचा पुजारी आणि येसाजीचा लहानपणापासूनचा दोस्त. दोघांनी मिळून म्हशी राखल्या, मिळून चोरून कैऱ्या खाल्ल्या, आणि मार एकट्या नामानं खाल्ला, अशी ही दोस्ती. जाखमातेला चांदीचा मुखवटा होता, ओंजळीत मावेल एवढा. भाताची झोडणी संपली की मुखवटा पाटलाच्या खळ्यावर आणायचा, राशीवर बसवायचा, देवीनं दिवसभर रास बघायची. शेजारी लाल फडक्यावर नारळ. पूजा झाली की पाटलानं मुखवटा पेटीत ठेवायचा आणि गुरवानं पेटी देवळात न्यायची. पेटी भरताना गुरवानं पाठ फिरवायची, हा नेम. देवी पेटीत जाताना गुरवानं बघू नये, असं कुणा पूर्वजानं ठरवलं होतं. का, ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. मग पेटी माघी पुनवेपर्यंत उघडायची नाही.

यंदाही तसंच झालं. फरक एवढाच, की पूजा आटपत असताना भिवाजी धावत आला, "पाटील, लेव्हीवाले चौकच्या नाक्यावर उतरले!" त्या वर्षी सरकार भात मोजून नेत होतं. गावातल्या कणग्यांची, म्हणजे शेणानं लिंपलेल्या त्या बांबूच्या कोठारांची, यादी येसाजीनंच करून दिली होती. यादीत त्यानं स्वतःच्या दोन कणग्या लिहिल्या. तिसरी, गोठ्यामागची, लिहायची राहिली. राहिली ती त्यानं राहू दिली. भिवाजीची हाक ऐकल्यावर त्यानं टोपल्यांवर टोपल्या त्या तिसरीत ओतल्या, मध्येच धापा टाकत येऊन पेटी भरली, पाठमोऱ्या नामाच्या हातात दिली, आणि पुन्हा टोपली धरली. लेव्हीवाले त्या दिवशी आलेच नाहीत. नाक्यावर उतरले ते लग्नाचे वऱ्हाडी होते.

माघी पुनवेला देवळात सगळ्या गावासमक्ष पेटी उघडली. आत लाल फडक्यात नारळ. त्याला बोटभर कोंब फुटलेला.

"मी माज्या हातानं मुखवटा ठेवला," येसाजी म्हणाला. त्याला ते लख्ख आठवत होतं. लाल फडकं, गोल, जड, थंड. "ह्या हातानं."

फौजदार आला. पाटील म्हणतो मुखवटा ठेवला, पेटी नेली गुरवानं, निघाला नारळ. तेव्हा हिशेब सरळ होता. फौजदारानं नारळ मुद्देमाल म्हणून जप्त करून पाटलाच्याच ताब्यात ठेवला आणि सांगितलं, धुळवडीच्या दिवशी सकाळी येऊन गुरवाला घेऊन जातो, तोवर पाटलानं त्याच्यावर नजर ठेवावी. आणि येसाजीनं, उगाच गवगवा नको, खरं काय ते आपल्याला ठाऊकच आहे, अशा विचारानं दवंडी पिटवली: मुखवट्याबद्दल गावात कुणी अवाक्षर काढायचं नाही. त्या संध्याकाळी अंबाबाई भाकरी वाढताना "अवं, त्या मुखवट्याचं..." एवढंच म्हणाली होती. त्यानं तिलाही दवंडी ऐकवली.

बोंबांचे नमुने भरायला येसाजी ओटीवर बसला. एकेकानं आत यायचं, दार लोटायचं, बोंब सांगायची.

पहिला आला धाकलू. वय साठ, दात चार. "लिवा. राशीचा नारळ पाटलानं एकल्यानं खाल्ला!"

येसाजीचा टाक थांबला. "आरं धाकल्या, कोन म्हनतं?"

"मी म्हनतोय की. दर साली राशीच्या नारळाचं खोबरं वाटता. यंदा मी हात पुडं करून उभा. हात तसाच घरी नेला."

"मी खाल्ला नाय!"

"मग गेला कुठं?"

"मला काय ठावं? धावपळ हुती."

"तेच तर इचारायचंय मला होळीवर. लिवा."

"खरी की खोटी?"

"ते मला कळलं असतं तर बोंब कशाला मारली असती, पाटील?"

येसाजीनं 'पुरावा नाही' असं लिहिलं आणि घाम पुसला.

मग सुंदरा आली. ती घरोघर कणग्या लिंपायची. बायका होळीवर बोंबा मारत नसत. पण नमुन्यात 'प्रत्येक इसम' असं होतं, आणि सुंदरा म्हणाली की आपण इसम आहोत. तिची बोंब, "गोठ्यामागच्या कणगीत भूत हाय!"

"हळू बोल गं!" येसाजी दाराकडे बघत म्हणाला. "कुठली कणगी?"

"आता तुमी इचारता म्हंजे कमाल. तोंड लिंपताना भात दाबून बसवलं, तर आतून खण्ण वाजलं. भात कवा वाजतं का? मी तशीच पळाले."

येसाजीनं 'गोठ्यामागच्या' न लिहिता 'गावातील एका' असं लिहिलं. सरकारला भुताचा पत्ता देण्याची गरज नव्हती.

तिच्या आधीच येऊन गेलेल्या भिवाजीची बोंब मोठी आणि तयार होती, "राशीच्या दुसऱ्या दिवशी नामा गुरवानं कर्जतच्या बाजारात मुखवटा इकला!" पुरावा विचारला तेव्हा भिवाजी म्हणाला की नामा दुसऱ्या दिवशी गावात दिसला नव्हता, आणि न दिसणं याच्याहून मोठा पुरावा कुठला. ही बोंब येसाजीला पटली. ती त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिली.

असे चाळीस नमुने झाले. एकेचाळिसाव्याला नामा स्वतः आला. दार लोटून खाली बसला, पान-तंबाखूची चंची पुढं सरकवली. दोघांपैकी कुणी पान खाल्लं नाही.

"माजी बोंब लिव. मी चोर नाय."

"पुरावा?"

"येसा, तू लिव तर."

"नामा, मी माज्या हातानं ठेवला हुता. तुला मी वाचवीन रं, पन मुखवटा कुठं हाय तेवढं सांग."

"तुला येवढं पक्कं कसं ठावं?"

"ठावं हाय म्हंजे हाय."

"हां," नामा म्हणाला. "गावात चाळीस डोकी. कुणी काय बगितलं, कुणी काय ऐकलं. तू दवंडी पिटलीस, आता फारम भरून घेतोस, येकेकाला दार लावून. कुणाचं कुणाला कळू देत नायस. मग हे समदं येका जागी येनार कुठं? तुज्या डोक्यात?" तो उठला. "तिथं जागा नाय येसा, तिथं तूच बसलायस."

तो गेल्यावर अंबाबाई पदर खोचून पुढं आली. "माजीबी लिवा."

"तुजी? घरातल्या मानसाची बोंब?"

"परतेक इसम. लिवा. आमच्या ह्यांना चष्म्याबिगर देवी आन नारळ सारखाच."

येसाजीनं टाक आपटला. पण हुकूम हुकूम होता. त्यानं लिहिलं, रागानं इतकं वेडंवाकडं, की नंतर ते त्यालाच वाचता येईना.

बेचाळीस नमुने घेऊन तो कचेरीत गेला. तिथं बोंबांचं टेबल नव्यानंच मांडलं होतं आणि त्यामागे टिपणीस नावाचे कारकून बसले होते. गृहस्थ सज्जन, कानावर पेन्सिल, नाकावर चष्मा. त्यांनी नमुने एकेक करून पाहिले.

"पाटील, यातल्या एकोणचाळीस बोंबांना पुरावाच नाही."

"रावसाहेब, पुरावा असता तर..." येसाजीच्या तोंडून धाकलूचंच वाक्य येऊ लागलं. त्यानं ते गिळलं.

"आमचं धोरण साधं आहे," टिपणीस म्हणाले. "लोकांनी हवं ते बोलावं. फक्त आधी ते खरं असल्याचं सिद्ध करावं. आणि एकदा सिद्ध झालं की मग बोलायची गरजच काय, असंही वरिष्ठांचं म्हणणं आहे. पण तेवढं आम्ही ताणत नाही."

नामाच्या नमुन्यावर त्यांनी शेरा मारला: आरोपीचे स्वतःविषयीचे मत, नामंजूर. अंबाबाईच्या नमुन्यावर: ग्रामअधिकाऱ्याची बदनामी, नामंजूर. येसाजीला ते बरं वाटलं. भिवाजीचीही नामंजूर झाली, ते त्याला तितकंसं बरं वाटलं नाही. मंजूर झाल्या त्या चार. 'पाताळगंगेला पावसात पाणी येते.' 'म्हैस काळी असते' (भुरी म्हैस आढळल्यास बोंब आपोआप रद्द). 'आज शिमगा आहे' (फक्त त्याच दिवशी मारावी). आणि 'सरकारचे उत्तम चालले आहे'. हिला पुरावा जोडलेला नव्हता, तो कचेरीनं आपल्याकडून जोडला.

होळीच्या दिवशी टिपणीस स्वतः माळावर आले. त्यांच्यासाठी टेबल-खुर्ची मांडली होती. टेबलावर मंजूर यादी, नामंजूर नमुन्यांचा गठ्ठा आणि सकाळी फौजदाराला द्यायचा मुद्देमाल. नारळाचा कोंब आता वीतभर झाला होता आणि टेबलावर एखाद्या पाहुण्यासारखा ताठ उभा होता.

दिवस मावळतीला होळी पेटली. टिपणीसांनी पेन्सिल उगारली. वरल्या आळीनं उलटा हात तोंडावर नेला.

"बों बों बों! म्हैस काळी असते रं!"

बऱ्याच वेळानं खालच्या आळीतला एकजण चाचरत म्हणाला, "असते बाबा."

"बों बों बों! पाताळगंगेला पावसात पानी येतं रं!"

"येतं की!"

"आज शिमगा हाय रं!"

"व्हय, हाय!"

चौथी बोंब दोन्ही आळ्यांनी मिळून मारली. कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत. मग लोक जाळाकडे बघत उभे राहिले. नामा खालच्या आळीच्या टोकाला उभा होता. खांद्यावर घोंगडी आणि हातात गाठोडं; सकाळी जायची तयारी त्यानं आत्ताच करून आणली होती.

"छान झालं. कुठं अफवा नाही, काही नाही," टिपणीस म्हणाले. "आता नामंजूर बोंबा होळीत जाळून टाकू. फक्त काय नष्ट केलं त्याचा पंचनामा लागतो. प्रत्येक नमुना पंचांसमक्ष मोठ्यानं वाचायचा, पंचांनी 'ऐकला' म्हणायचं, मग जाळायचा. धुरानं माझा घसा बसलाय पाटील, वाचा तुम्ही."

"पंच कोन?"

"दोन पुरेत." टिपणीसांनी माळाकडे पाहिलं. "हे सगळे उभेच आहेत, तर सगळेच होऊ देत."

येसाजीनं पहिला नमुना हात लांब करून धरला. जाळाच्या उजेडात अक्षरं मुंग्यांसारखी पळत होती. टिपणीसांनी आपला चष्मा काढून त्याच्या हातावर ठेवला. सरकारी माणसाचा चष्मा नाकारणं बरं दिसलं नसतं. त्यानं तो घातला.

"नामंजूर बोंब क्रमांक येक," तो कोरड्या सरकारी आवाजात वाचू लागला. "राशीचा नारळ पाटलानं येकट्यानं खाल्ला. पुरावा नाय."

"ऐकला!" गाव एका आवाजात म्हणालं. त्या 'ऐकला'त इतका वेळ अडकलेला सगळा शिमगा होता. आणि मागोमाग, यादीत नसलेला, धाकलूचा आवाज आला, "मग नारळ गेला कुठं?"

"पंचांनी प्रश्न विचारू नयेत," टिपणीस म्हणाले.

येसाजीनं नमुना जाळात टाकला, आणि वळताना त्याची नजर टेबलावर गेली. मुद्देमाल चष्म्यातून स्वच्छ दिसत होता. नारळाच्या अंगावर कुंकवाची पाच बोटं उठली होती. पुसट, पण पाच. राशीच्या नारळाला पाच बोटं ओढायचा मान पाटलाचा. करंगळी लहानपणी मोडल्यामुळे येसाजीची पाचवी रेघ वाकडी यायची. ही वाकडी होती.

"वाचा, वाचा," टिपणीस म्हणाले.

"क्रमांक नऊ. राशीच्या दुसऱ्या दिवशी नामा गुरवानं कर्जतच्या बाजारात मुखवटा इकला."

"ऐकला!" आणि लगेच लडकू गोवारी वरल्या आळीतून ओरडला, "कर्जतला कुठला रं! त्या दिवशी माजी म्हैस अडली हुती. नामाचा हात खांद्यापातूर म्हशीत हुता, दिस उजाडल्यापासून अंधार पडेतोवर! बगा ते रेडकू, त्याचं नाव नामाच ठेवलंय!"

"मग आजवर बोलला का नायस रं?" भिवाजी ओरडला.

"मुखवट्याचं बोलायचं नाय म्हून दवंडी हुती! आन म्हशीचं मला कुणी इचारलंच नाय!"

पंचनामा पुढं सरकत राहिला. क्रमांक सतरा. "गावातील येका कणगीत भूत हाय. लिंपताना आतून खण्ण वाजलं."

"ऐकला!"

"गावातल्या येका नाय!" सुंदरा ओरडली. "मी पत्ता सांगितला हुता!"

येसाजीचा आवाज बसला. धुरानं, असं टिपणीसांनी लिहून ठेवलं. त्यानं शेवटचा नमुना उचलला. स्वतःचं वेडंवाकडं अक्षर आता त्याला लागत होतं. "क्रमांक बेचाळीस. आमच्या ह्यांना चष्म्याबिगर देवी आन नारळ सारखाच."

यावर गावानं 'ऐकला' म्हटलं नाही. गाव गडगडून हसलं. आणि हसता हसता हळूहळू थांबलं. कारण नारळ, कणगी आणि चष्मा ही तीन नावं आता प्रथमच एकाच माळावर, एकाच वेळी उभी होती, आणि जो तो मनातल्या मनात ती जुळवू लागला होता.

येसाजीला ते दिसत होतं. लाल फडकं, गोल, जड, थंड. नारळही जड असतो. मार्गशीर्षात तोही थंड असतो.

त्याच्यापुढं वाटा दोनच होत्या. गप्प बसावं, घरी जाऊन कणगी उपसावी आणि मुखवटा गुपचूप देवळात ठेवावा. मग सकाळी गाव म्हणणार, चोरानं भिऊन आणून ठेवला. आणि चोर कोण ते ठरलेलंच होतं. नाहीतर इथंच बोलावं, ज्या कारकुनाच्या कचेरीत त्याची दोन कणग्यांची यादी फायलीला लागली होती त्याच्यासमोर. तिसरी कणगी म्हणजे पाटीलकी गेली. लखोटे गेले. कपाळाला लावायचं ते गेलं.

त्यानं जाळापलीकडे पाहिलं. चष्म्यातून लांबचं धूसर दिसत होतं. नामाचा चेहरा दिसला नाही, गाठोडं दिसलं.

येसाजीनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. धोतराचा सोगा खोचला. उलटा हात तोंडावर नेला. पाटील झाल्यापासून तो होळीवर बोंबलला नव्हता, त्यामुळे पहिली बोंब शिंकेसारखी निघाली. दुसरी मात्र डोंगरावर जाऊन परत आली.

"बों बों बों! नामा चोर नाय रं! पाटील आंधळा हाय! मुखवटा पाटलानं भातात पुरला आन पेटीत नारळ कोंबला! गोठ्यामागं पाटलाची तिसरी कणगी हाय रं!"

टिपणीसांनी यादीवरून पेन्सिल वरून खाली आणि खालून वर फिरवली. "पाटील, ही बोंब यादीत नाही."

"नाय."

"हिला पुरावा?"

"चला, दावतो."

सगळा माळ गोठ्यामागं आला. लडकूनं कोयतीनं कणगीच्या पोटाला भोक पाडलं. भात धो धो वाहू लागलं, टिपणीसांचे पंपशू त्यात बुडाले, घोटे बुडाले. ते तसेच उभे राहून लिहीत होते. मग आतून खण्ण आवाज आला, आणि भाताच्या धारेतून जाखमाता घरंगळत बाहेर आली. डोळ्यांत दाणे, नाकात दाणे. तीन महिने भात खाऊन गाल अंमळ वर आल्यासारखे वाटत होते.

येसाजीनं ती दोन्ही हातांनी उचलली. अंबाबाईनं पेटी पुढं केली. आणि नामानं सवयीनं पाठ फिरवली.

"नामा," येसाजी म्हणाला. "हिकडं फिर. बग."

"नेम हाय येसा."

"बग रं बाबा. मला परत नाय भरवसा माजा."

नामा वळला. त्यानं मुखवट्याकडे पाहिलं, येसाजीकडे पाहिलं, पुन्हा मुखवट्याकडे पाहिलं. "हीच," तो म्हणाला. मग एक शिवी दिली. ती शिमग्याची होती, म्हणून इथं लिहीत नाही. गाठोडं त्यानं भाताच्या ढिगावर टाकलं आणि त्यावर बसून तो बराच वेळ नाक शिंकरत राहिला.

सकाळी फौजदार आला, देवळात मुखवटा बघून गोंधळला, आणि वरून हुकूम येईपर्यंत गुरवाला राहू द्या म्हणून परत गेला. हुकूम वैशाखात आला. मुखवटा विनापरवाना बोंबेमुळे सापडला असल्याने तो सापडल्याची नोंद घेता येत नाही. सबब चोरी कायम. तथापि चोरीस गेलेली वस्तू जागेवर असल्याने चोर धरण्याचे प्रयोजन उरत नाही. येसाजीची पाटीलकी गेली, ती तिसऱ्या कणगीपायी नव्हे, बोंब मारल्यापायी. तिसरी कणगी त्याच बोंबेतून निघाली असल्यामुळे तीही सरकारी दृष्टीनं नव्हतीच. ते नसलेलं भात येसाजीनं आषाढात सगळ्या गावाला वाटलं आणि गावानं ते पोटभर खाल्लं.

येसाजीनं पनवेलला जाऊन नवा चष्मा केला. आता राशीच्या दिवशी पेटी भरताना सगळं गाव वाकून बघतं आणि "देवी! देवी!" असं ओरडून खात्री करून घेतं. कुणीतरी एकजण मुद्दाम "नारळ!" असं ओरडतो. मग पेटी पुन्हा उघडावी लागते.

मुद्देमाल मात्र परत आला नाही. चोरी कायम म्हणजे पुरावाही कायम. कपाटाचं दार लागेना तेव्हा कचेरीनं तो नारळ मागल्या अंगणात पुरला आणि एका शिपायाला रोज दोन घागरी पाणी घालण्याचं काम लावून दिलं. पुढं झाड कौलांच्या वर गेलं, त्याला नारळ धरू लागले, आणि प्रत्येक नारळाची पुरवणी मुद्देमाल म्हणून नोंद होऊ लागली.

धाकलू दर शिमग्याला पहिली बोंब तीच मारायचा, "राशीचं खोबरं अजून मिळालं नाय रं!" यावर जाळापलीकडून कुणी उत्तर देत नसे. त्या बोंबेला आता पुरावा होता, तो कचेरीवरून जाणाऱ्या-येणाऱ्याला लांबूनच दिसायचा.